दर ७ टक्के, व्याज मात्र ४ टक्क्यांचं

जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना 'डबल' (दशांश संख्येचा टाइप सांगणारा शब्द) या एका शब्दापायी माझे दोन दिवस गेले. अजून आठवलं की चिडचिड होते.

सरावाला बँकेचा छोटा प्रोग्रॅम होता. अकाउंट हा पॅरेंट क्लास, म्हणजे मूळ साचा. त्यात रेट ४ हे फील्ड (माहितीचा कप्पा) आणि व्याज काढणारी मेथड (ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा). एफडी हा त्यावरून बनलेला चाइल्ड क्लास. एफडीचा दर वेगळा, म्हणून त्यात मी परत लिहिलं, डबल रेट = ७. एवढं सगळं अर्ध्या तासात झालं. १०,००० रुपयांवर वर्षाचं व्याज ७०० यायला हवं, येत होतं ४००.

एररचं नाव नाही, कोड तपासून त्याचं भाषांतर करणारा कंपायलर ब्र काढत नाही. एफडीचा रेट छापला, तर ७. त्याच ऑब्जेक्टवर (क्लासवरून बनवलेल्या प्रत्यक्ष खात्यावर) व्याजाची मेथड चालवली, तर ४००! सूत्र तपासलं, कागदावर गुणाकार करून पाहिला, फाइल नव्याने टाइप केली. ४००च. शिकवणीच्या नोट्समध्ये लिहिलं होतं की पॅरेंटकडून आलेलं सगळं चाइल्ड क्लासला बदलता येतं. त्या 'सगळं'वर मी विसंबले, आणि राग आहे तो त्याचाच. त्यात मी आधी पायथन ही दुसरी भाषा शिकलेली. तिथे सेल्फ डॉट रेट (या ऑब्जेक्टचा रेट) म्हटलं की आधी ऑब्जेक्टमध्ये, मग त्याच्या क्लासमध्ये, मग पॅरेंटमध्ये शोध होतो, त्यामुळे असंच लिहिलं तरी ७०० येतात.

दुसऱ्या रात्री तोच ऑब्जेक्ट अकाउंट टाइपच्या व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या जागेत) ठेवून रेट छापला. ४! प्रोग्रॅम चालताना आत काय आहे ते दाखवणारा डीबगर उघडला, तर एकाच ऑब्जेक्टमध्ये रेट नावाची दोन फील्ड, एकात ४ आणि एकात ७. तेव्हा उलगडलं. जावात मेथड ओव्हरराइड होते, म्हणजे चाइल्डची मेथड पॅरेंटच्या मेथडची जागा घेते, आणि ऑब्जेक्ट कोणाचा आहे ते पाहून प्रोग्रॅम चालताना निवडली जाते. फील्ड ओव्हरराइड होत नाही, नुसतं झाकलं जातं. कुठलं घ्यायचं ते कंपाइल होतानाच, व्हेरिएबलच्या टाइपवरून ठरतं. व्याजाची मेथड लिहिलेली अकाउंटमध्ये, म्हणून ती अकाउंटचाच रेट धरत होती.

मी रेटची ती ओळ एफडीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) नेली. पुन्हा ४००, कारण 'डबल' तसाच राहिला होता. टाइप लिहिला की नवं लोकल, म्हणजे तेवढ्यापुरतं, व्हेरिएबल तयार होतं आणि कंस बंद झाला की संपतं. 'डबल' खोडला, नुसतं रेट = ७ ठेवलं, आणि ७०० आले. रात्रीचा दीड वाजला होता, तरी आईला उठवून सांगितलं.

हो, पॅरेंटमधलं फील्ड प्रायव्हेट, म्हणजे त्या क्लासबाहेर न दिसणारं, असेल तर हा उपाय चालत नाही. खरं तर दर देणारी वेगळी मेथड करून ती एफडीत ओव्हरराइड करणं जास्त चांगलं, आता मी तेच करते. आणि तिच्यावर ॲट ओव्हरराइड (@Override, खरंच ओव्हरराइड होतंय का ते कंपायलरकडून तपासून घेणारी खूण) लिहायचंच. २००४च्या जावा ५ पासून ही सोय आहे आणि ती फक्त मेथडसाठी आहे. मी ती त्या फील्डवर लावून पाहिली असती, तर पहिल्याच मिनिटाला एरर आली असती.