साडेसव्वीस तासांनी थांबणारे चित्र

प्रतीक्षागृहांतील आणि सभागृहांतील पडद्यांवर दिवसरात्र थेट प्रक्षेपण दाखवणारे आमचे व्हिडिओ प्लेबॅकचे मॉड्यूल बरीच वर्षे विंडोजवर बिनतक्रार चालत आले होते. एका ग्राहकाला तेच मॉड्यूल इंटेल प्रोसेसरच्या छोट्या पेट्यांवर, चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर हवे होते, कारण प्रत्येक पडद्यामागे विंडोजचा परवाना घेणे त्याला परवडत नव्हते. नवी मुंबईत महापे एमआयडीसीतल्या आमच्या कार्यालयात हे काम माझ्याकडे आले. त्यातील एक प्रसंग सविस्तर लिहून ठेवावा असे मला वाटते, कारण त्यात बिघाड नव्या सिस्टीमवर दिसला, पण त्याचे मूळ जुन्या सिस्टीमवर इतकी वर्षे काहीच न बिघडण्यात होते.

पोर्टिंगचा, म्हणजे एका सिस्टीमवरचे सॉफ्टवेअर दुसरीवर नेण्याचा, वरवर दिसणारा भाग म्हणजे एका सिस्टीमच्या सोयी काढून तेथे दुसरीच्या बसवणे. चित्र पडद्यावर नेण्यासाठी डायरेक्टएक्स होते तेथे डीआरएम-केएमएस आले, आवाजासाठी वासापीच्या जागी अल्सा आले आणि हार्डवेअर डीकोडिंग, म्हणजे दाबून लहान केलेला व्हिडिओ चिपकडून उलगडून घेणे, डीएक्सव्हीएवरून व्हीए-एपीआयवर गेले. या टप्प्यातील दोष डोळ्यांना लगेच दिसतात, हे त्यातले सुख आहे. उदाहरणार्थ, एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत चित्र १६ गुणिले १६ च्या चौकटींत बसवावे लागते, आणि १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नसल्यामुळे चित्र प्रत्यक्षात १०८८ ओळींचे साठवले जाते. एनव्ही१२ या चित्र मेमरीत ठेवण्याच्या मांडणीत आधी उजेडाची माहिती असते आणि तिच्या पाठोपाठ रंगाची. रंगाची माहिती १०८८ ओळी संपल्यावर सुरू होत असताना ती १०८० नंतरच वाचायला घेतली, तर सगळे रंग १६ ओळी खाली सरकतात. आमच्या पडद्यावर पहिले चित्र उमटले तेव्हा वृत्तनिवेदिकेच्या ओठांची लाली हनुवटीकडे उतरलेली होती आणि कपाळावरच्या कुंकवाचा लाल डाग भुवयांच्या मध्ये आला होता. कारण शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

खरी परीक्षा अखंड चालण्याच्या चाचणीत झाली. चाचणीच्या खोलीत नव्या तीन पेट्या आणि शेजारी तुलनेसाठी जुने विंडोज यंत्र, असे सगळे एकाच एन्कोडरच्या (थेट चित्राचा डिजिटल प्रवाह तयार करणाऱ्या यंत्राच्या) एकाच प्रवाहावर लावून ठेवले होते. बुधवारी दुपारी चाचणी विभागातील सहकारी माझ्या टेबलापाशी आल्या.

"सर, तिन्ही पेट्यांवरचं चित्र थांबलंय. आवाज मात्र चालू आहे."

"एकामागून एक थांबलं का?"

"नाही, एकदमच. आणि विंडोजवाल्या यंत्राला काहीच झालेलं नाही."

जाऊन पाहिले तर तिन्ही पडद्यांवर एकच फ्रेम गोठलेली होती आणि आवाज व्यवस्थित ऐकू येत होता. अशा वेळी पहिला संशय मेमरी गळतीवर, म्हणजे वापरलेली मेमरी परत न करण्यावर जातो, पण मेमरीचा आलेख सपाट होता. दुसरा संशय नेटवर्कवर, पण पॅकेट येत होती आणि आवाज त्यांतूनच निघत होता. तिसरा हार्डवेअर डीकोडरवर, पण तो तर दर सेकंदाला २५ फ्रेम इमानाने उलगडून देत होता. लॉगमध्ये, म्हणजे मॉड्यूल स्वतः लिहीत असलेल्या नोंदींत, मात्र प्रत्येक फ्रेमपुढे एकच शेरा होता: उशिरा आली, टाकून दिली.

मला खटकले ते 'एकदमच'. तिन्ही पेट्या वेगवेगळ्या वेळी सुरू केलेल्या होत्या, एक तर त्याच दिवशी सकाळी. पेटीच्या आतले काही साठत गेले असते, तर त्या वेगवेगळ्या वेळी थांबल्या असत्या. मी चाचणी विभागातील त्या सहकाऱ्यांना विचारले की याआधी असे झाले आहे का. त्या एका वहीत प्रत्येक बिघाडाची वेळ हाताने लिहून ठेवतात. आजकाल ही सवय दुर्मीळ झाली आहे आणि माझ्या मते कोणत्याही डॅशबोर्डपेक्षा ती अधिक कामाची आहे. वहीत लिहिले होते: सोमवार सकाळी ९.०५, मंगळवार सकाळी ११.३५, बुधवार दुपारी २.०६. आधीच्या दोन वेळा पेट्या पुन्हा सुरू केल्यावर सर्व ठीक झाले होते, म्हणून ती बाब पुढे आली नव्हती.

दोन नोंदींमधले अंतर दरवेळी साडेसव्वीस तासांचे. हा आकडा पाहिल्यावर मी कॅल्क्युलेटर उघडला. आमचा प्रवाह ज्या स्वरूपात येतो त्या एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये प्रत्येक फ्रेम केव्हा दाखवायची, त्या वेळेचा शिक्का ३३ बिटांचा असतो आणि तो सेकंदाला ९०,००० या गतीने पुढे जातो. दोनचा ३३ वा घात म्हणजे ८,५८९,९३४,५९२. त्याला ९०,००० ने भागले की ९५,४४३ सेकंद येतात, म्हणजेच २६ तास ३० मिनिटे ४३ सेकंद. गाडीचा किलोमीटर मोजणारा आकडा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर जावा तसा हा शिक्का दर साडेसव्वीस तासांनी शून्यावर येतो. हा शिक्का एन्कोडर लावतो, पेटी नव्हे. त्यामुळे पेटी केव्हाही सुरू केलेली असो, शून्याचा क्षण सर्वांना एकाच वेळी गाठतो.

आमच्या टीमलीड मॅडमना मी हे सांगितले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न अगदी नेमका होता: "मग विंडोजवर इतकी वर्षं हे का झालं नाही? तिथेही प्रवाह हाच आहे ना?"

उत्तर कोडच्या एका ओळीत सापडले. आमचे मॉड्यूल दाखवण्याच्या क्रमाने आलेल्या प्रत्येक फ्रेमच्या शिक्क्यातून मागच्या फ्रेमचा शिक्का वजा करते आणि तो फरक एकूण वेळेत मिळवत जाते. सेकंदाला २५ फ्रेम असल्या की हा फरक ३,६०० येतो. शिक्का ज्या चलात, म्हणजे कोडमधल्या आकडा ठेवण्याच्या जागेत, ठेवला होता त्याचा प्रकार होता 'अनसाइन्ड लाँग', म्हणजे ऋण नसलेला पूर्णांक. विंडोजवर 'लाँग' हा ३२ बिटांचाच असतो, अगदी चौसष्ट बिटांच्या विंडोजवरही. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर तो ६४ बिटांचा असतो. विंडोजवर ३३ बिटांच्या शिक्क्याचा सर्वांत वरचा बिट मुकाट्याने गळून पडत होता आणि उरलेल्या ३२ बिटांची वजाबाकी, उत्तरही त्याच ३२ बिटांत फेरी मारून येत असल्यामुळे, शून्य ओलांडतानाही आपोआप ३,६०० च देत होती. लिनक्सवर पूर्ण शिक्का जसाच्या तसा साठवला जाऊ लागला, आणि त्यामुळेच वजाबाकी चुकली. लॉगची पातळी वाढवून पाहिले तेव्हा ३,६०० च्या लांबलचक रांगेनंतर एक ओळ अशी होती: उणे ८,५८९,९३०,९९२. तेथून पुढची प्रत्येक फ्रेम मॉड्यूलच्या लेखी साडेसव्वीस तास शिळी होती, म्हणून ते ती फेकून देत होते. आवाजाची वेळ साउंड कार्डने आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) वाजवले यावरून मोजली जात असल्यामुळे त्याला या उडीचा स्पर्शही झाला नाही.

माहिती कापली जात असताना उत्तर बरोबर येत होते आणि पूर्ण साठवल्यावर ते चुकले, हे मला त्या दिवशी फार विलक्षण वाटले. मूळ लेखकाने हे जाणीवपूर्वक केले असेल, तर तेथे एका ओळीची टीप असायला हवी होती. त्या जागी टीप नव्हती.

दुरुस्ती लहानच होती. शिक्क्यासाठी नेमक्या ६४ बिटांचा प्रकार घेतला, फरक ३३ बिटांपुरता मर्यादित केला आणि तो निम्म्या फेरीहून मोठा आला तर एक पूर्ण फेरी वजा केली. पण ती सिद्ध करण्यासाठी साडेसव्वीस तास थांबण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून शिक्के शून्यावर येण्याच्या दहा सेकंद आधीपासून सुरू होतील असा एक कृत्रिम प्रवाह तयार केला. दुरुस्तीआधीच्या मॉड्यूलवर चित्र दहाव्या सेकंदाला गोठले आणि दुरुस्त केलेल्यावर ते थांबले नाही. हा छोटा प्रवाह आता रोज रात्रीच्या चाचण्यांत कायमचा समाविष्ट आहे.

मॅडमनी त्याच संध्याकाळी संपूर्ण मॉड्यूलमधले 'लाँग' शोधून काढायला सांगितले. यादी लांबली आणि तिच्यात एक उलटे उदाहरणही निघाले. रेकॉर्ड केलेल्या फाइलमध्ये पुढेमागे जाण्यासाठी वापरलेले सी भाषेतले 'एफटेल' हे फाइलमधली सध्याची जागा सांगणारे फंक्शनही उत्तर 'लाँग' मध्येच देते, त्यामुळे विंडोजवर २ जीबीच्या पुढची जागा त्यात मावत नाही. लिनक्सवर मात्र तोच कोड बिनचूक चालत होता. मोठ्या फाइलमध्ये पुढे सरकता येत नाही, अशी एका जुन्या ग्राहकाची तक्रार आमच्याकडे बरेच दिवस उत्तराविना पडून होती. पुढच्या आठवड्यात मॉड्यूलच्या विंडोज आवृत्तीच्या कोडमध्ये दोन्ही दुरुस्त्या केल्या आणि त्या ग्राहकाला नवी आवृत्ती पाठवली.