मोठे गाणारे तरणेच का जातात? तुम्ही विचारलंत म्हणून

"काका, ही मोठी गाणारी माणसं अशी तरणीच का वो जातात?"

शिवाजी पेठेतल्या आमच्या माडीवर रविवारी चार लोक जुन्या तबकड्या ऐकायला जमतात. डी. व्ही. पलुसकरांची तबकडी संपली की हा प्रश्न ठरलेला. विचारणारा तेवढा बदलतो. कधी तालमीतून थेट आलेला पोरगा, कधी लेकीला गाण्याच्या क्लासला घालावं की नको अशा विचारात पडलेली आई. बहुतेकांनी उत्तरही सोबत आणलेलं असतं. चांगली माणसं देवालाही लवकर हवी असतात, हे एक. दुसरं उत्तर हळू आवाजात येतं: दारू.

देवाचं मला ठाऊक नाही. दारूचं पुढं बोलू. आधी आपल्या गावातल्याच माणसापासून सुरुवात करू.

केशवराव भोसले. जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूर. मृत्यू ४ ऑक्टोबर १९२१. वय ३१. पोरवयात 'शारदा' नाटकात शारदा होऊन 'मूर्तिमंत भीती उभी' म्हणायला लागले आणि महाराष्ट्र खुळावला. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक मंडळी काढली. तेव्हा हा मालक सतरा वर्षांचा होता. नाटक कंपनी म्हणजे नुसतं गाणं नव्हे. पडदे, पेट्या, पोशाख, आचारी, गावोगावची बिऱ्हाडं, थिएटरचं भाडं, आणि खेळ पडला तरी दुसऱ्या दिवशी उठणारी पंगत. आज सतराव्या वर्षी आपण पोराला मोटरसायकलची किल्ली द्यायला कचरतो.

८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. खाडिलकरांचं नाटक, चाली आपल्या गोविंदराव टेंब्यांच्या. एरवी एकमेकांच्या चढाओढीत असलेल्या दोन कंपन्यांचे दोन मालक त्या रात्री एका रंगमंचावर आले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. कुणाची तान वर गेली, कुणाला वन्समोअर जास्त मिळाले, यावर पुढं कित्येक वर्षं लोक भांडत राहिले. मला त्या भांडणात पडायचं नाही, कारण मी कोल्हापूरचा आहे आणि माझा निकाल आधीच लागलेला आहे.

त्या प्रयोगाला तीन महिने पुरे व्हायच्या आत केशवराव गेले. विषमज्वर, म्हणजे टायफॉइड.

इथं ऐकणारे हळहळतात आणि कुणीतरी 'दृष्ट लागली' म्हणतंच. मी म्हणतो, दृष्ट नव्हे, पाणी. टायफॉइड घाणेरड्या पाण्यातून आणि अन्नातून होतो. आज या गावी, उद्या त्या गावी, मिळेल त्या विहिरीचं पाणी, शंभर माणसांचा एकच मुदपाकखाना, रात्र-रात्र जागून गाणं: असा ज्याचा धंदा, त्याला हा ताप गाठणारच. आणि त्यावर औषध नव्हतं. लंघन, थंड पाण्याच्या घड्या आणि नवस. टायफॉइडला खरोखर मारणारं पहिलं औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, वापरात आलं १९४८ साली. आज कुठल्याही पेठेतला डॉक्टर जो ताप गोळ्यांवर उतरवतो, त्यानं आपला धैर्यधर नेला.

हेही लक्षात घ्या की १९२१ च्या आधीच्या दहा वर्षांत, प्लेग आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझामुळं, हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही खाली होतं. त्यात बालमृत्यू धरलेले असतात हे खरं. तरी अर्थ एवढाच की तेव्हा सगळेच तरणे जात होते. कासार जात होते, कारकून जात होते, बाळंतिणी तर जातच होत्या. त्यांची पुण्यतिथी कुणी करत नाही. विष्णू दिगंबर पलुसकर इथल्याच कुरुंदवाडचे. त्यांना बारा मुलं झाली, त्यांतला एकच मोठा झाला, तेच हे तबकडीवरचे डी. व्ही. बाकीची अकरा गाणारी होती की नाही हे कळायच्या आतच गेली. ज्या शाहू महाराजांनी केशवरावांना जवळ केलं, ते महाराजसुद्धा केशवरावांच्या मागोमाग सातआठ महिन्यांत, ६ मे १९२२ ला गेले. वय ४७. त्यांना काही कुणी गाण्याचा शाप म्हणत नाही.

महाराजांनी १९१५ मध्ये खासबागेत बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढं केशवरावांचं नाव मिळालं. ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेच्या रस्त्यावर उभी असलेली माणसं रडत होती आणि त्यातच एकजण म्हणाला, "केशवरावांचं नशीबच वाईट." मला राग आला. आग नशिबानं लागत नाही. नशीब म्हटलं की पुढची चौकशी थांबते, तापाची काय आणि आगीची काय.

आता त्या 'संयुक्त मानापमाना'तला दुसरा माणूस. बालगंधर्व केशवरावांपेक्षा दोनच वर्षांनी मोठे. त्यांना पुढं ४६ वर्षं मिळाली. १९६७ मध्ये गेले तेव्हा वय ७९. त्या वर्षांत काय झालं? कंपनीवर कर्ज चढलं, बोलपट आले, नाटकं ओस पडली, उतारवयात पाय गेले. ज्या पायांच्या चालीवरून बायकांनी चालायची ढब उचलली ते पाय. लोक त्यांना उचलून आणून बसवत आणि ते भजन म्हणत. केशवरावांना ३१ व्या वर्षी मृत्यू आला म्हणून ते कायमचे धैर्यधर राहिले. बालगंधर्वांची भामिनी मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत म्हातारी झाली. यातलं कुणाचं दुःख मोठं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लोक मात्र पहिल्यालाच शोकांतिका म्हणतात.

दारूकडं येतो. मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात गेले, वय ४१. कुंदनलाल सैगल १८ जानेवारी १९४७ ला जालंधरला, वय ४२. आपले वसंत पवार, ज्यांच्या 'सांगत्ये ऐका'च्या चालींनी १९५९ पासून गावोगावच्या जत्रा गाजवल्या, ते १९६५ मध्ये चाळिशीच्या आत. यांतल्या काहींच्या बाबतीत दारूचा वाटा होता हे नाकारून चालणार नाही. पण दारूला एकटीला जबाबदार धरायचं म्हणजे तिला फारच मोठेपण दिल्यासारखं होतं. दीनानाथांची 'बलवंत' मंडळी आधी मोडली होती, सिनेमात घातलेला पैसा बुडाला होता. ज्याच्या एका तानेला थिएटर डोक्यावर घ्यायचं, त्याच्या दारात सावकार उभा. गाणाऱ्याला पगार नव्हता, पेन्शन नव्हती, आजारपणाची रजा नव्हती. घसा हेच दुकान, आणि घसा बसला की फळी पाडायची.

दीनानाथांच्या मृत्यूचा एक धागा आपल्या गावापर्यंत येतो. वडील गेले तेव्हा लता बारा वर्षांची होती. त्याच वर्षीच्या 'पहिली मंगळागौर' या सिनेमात ती सिनेमावाल्या मास्टर विनायकांकडं कामाला लागली, आणि मग त्यांच्या कंपनीबरोबर कोल्हापुरात राहिली. १९४५ मध्ये कंपनी मुंबईला गेली, तशी तीही गेली. मुलीनं सिनेमात गावं हे दीनानाथांना पसंत नव्हतं. ते आणखी वीस वर्षं जगते तर? हा प्रश्न मी माडीवर एकदा टाकला आणि अख्खी बैठक गप्प झाली. कुणालाच त्याचं उत्तर मोठ्यानं द्यायचं नव्हतं.

कॉलेजची पोरं आली की वेगळाच आकडा काढतात: सत्तावीस. जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन १९७० मध्ये, जिम मॉरिसन १९७१, कर्ट कोबेन १९९४, एमी वाइनहाउस २०११. सगळे सत्ताविसाव्या वर्षी. "काका, शाप आहे हा." याची खरोखर तपासणी झालेली आहे. १९५६ ते २००७ या काळात ब्रिटनमध्ये ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला अशा १०४६ संगीतकारांची आयुष्यं तपासून एक अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०११ साली छापून आला. सत्ताविसाव्या वर्षी मरणारे वेगळे जास्त निघाले नाहीत. पण विशी-तिशीत मरण्याचं प्रमाण त्याच वयाच्या इतर ब्रिटिश माणसांच्या दोन ते तीन पट निघालं. म्हणजे शाप खोटा आणि धोका खरा. त्या धोक्यात नशा आहे, पैसा आहे, आणि 'नको' म्हणणारं माणूस जवळ नसणं आहे.

तरी त्या मृत्यूंत आणि आपल्या पलुसकरांच्या मृत्यूत एक फरक मला फार मोठा वाटतो. रॉकचं गाणं पंचविशीतच भरात असतं. हेंड्रिक्स सत्ताविसाव्या वर्षी गेला, पण गिटारवर जे उलथापालथ करायचं ते करून गेला. आपल्याकडं ख्याल गाणाऱ्याचं तसं नसतं. तिशीपर्यंत तो गुरूचं गातो. चाळिशीत स्वतःचं शोधतो. पन्नाशीत कधीतरी रागाशी त्याचं बोलणं सुरू होतं. दत्तात्रेय विष्णू पलुसकर ऑक्टोबर १९५५ मध्ये मेंदूज्वरानं गेले तेव्हा ३४ वर्षांचे होते. दहाव्या वर्षी वडील गेलेले, वडिलांच्या शिष्यांकडं शिकून उभं राहिलेलं हे गाणं. इतका स्वच्छ, इतका नितळ आवाज की 'ठुमक चलत रामचंद्र' ऐकताना माणसं विचार करायचं सोडून देतात. पण ती सुरुवात होती. आपण जे ऐकतो ते पलुसकरांच्या गाण्याचं पहिलं प्रकरण आहे, आणि ते इतकं सुंदर आहे की पुस्तक तिथंच संपलं हे लोकांच्या ध्यानातच येत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. याचा ताळा करून बघायची सोय आहे, आणि तिचं नाव कुमार गंधर्व. शिवपुत्र कोमकळी, जन्म १९२४, बेळगावजवळचे. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाणारा चमत्कारी मुलगा. पंचविशीच्या आत क्षयानं गाठलं. हवापालटासाठी ते देवासला गेले आणि पाच-सहा वर्षं गाणं बंद. तेव्हा क्षय म्हणजे जवळपास ठरलेलं मरण. पण १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं होतं आणि ते त्यांच्यापर्यंत वेळेत पोचलं. एक फुप्फुस निकामी झालं, माणूस वाचला. आता असं समजा की ते औषध वेळेत आलं नसतं. आज आपण कुमारांबद्दल काय म्हणालो असतो? 'फार गुणी पोर होतं हो, नकला काय करायचा!' एवढंच. माळव्याच्या लोकगीतांतून त्यांनी उभे केलेले राग, निर्गुणी भजनं, त्या एका फुप्फुसाला परवडतील अशा तुटक, टोकदार ताना, हे सगळं आजारानंतरचं. १९९२ पर्यंत ते गात होते.

पलुसकरांना कुमारांसारखी ती पुढची चाळीस वर्षं मिळाली नाहीत. मला हळहळ वाटते ती याची. ते काय गायले असते याचा अंदाजसुद्धा करता येत नाही.

क्लासचं विचारणाऱ्या आईला मी एवढंच म्हणालो, "वैनी, घाला पोरीला. गाण्यानं कुणी मरत नाही. पाणी तेवढं उकळून द्या." ती हसली, पण पटलं असावं. मुलगी आता भूप म्हणते.

एक राहिलंच. गाणारा गेला की त्याच्या शिष्याचं काय होतं, हे कुणीच विचारत नाही. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गवई. त्यांचे चिरंजीव मंजी खाँ १९३७ मध्ये पन्नाशीच्या आत गेले. त्यांच्याकडं मल्लिकार्जुन मन्सूर शिकत होते. जेमतेम दीड वर्ष तालीम झालेली, जयपूर घराण्याची नुसती चव लागलेली, आणि गुरू गेला. मन्सूर तेव्हा काही नवशिके नव्हते. त्यांच्या तबकड्या निघालेल्या होत्या, नाव झालं होतं, आहे तेवढ्यावर जन्म काढता आला असता. त्याऐवजी ते म्हाताऱ्या खाँसाहेबांकडं गेले. मुलगा गमावलेल्या खाँसाहेबांनी त्यांना धाकट्या मुलाच्या, भूर्जी खाँच्या हवाली केलं. भूर्जी खाँ राहायचे कोल्हापुरात. धारवाडचा हा माणूस मग इथं येऊन अनवट राग घोकत बसला. आज मन्सूरांचं म्हणून जे आपण ऐकतो त्यातलं कितीतरी या गावात गळ्यावर चढलेलं आहे.

त्यांची बिडीची आवड जगजाहीर होती. ८१ वर्षं जगले. दारू-विडीचा हिशेब मांडणाऱ्यांनी तो जरूर मांडावा, पण मन्सूर कोणत्या रकान्यात घालायचे ते मला येऊन सांगावं. पुढच्या रविवारी त्यांचा बहादुरी तोडी लावणार आहे. वेळेवर या, चढायच्या आधी जोडे खालीच काढा.