०.५ मोठा का ०.२५?

पाचवी-सहावीच्या पोरांना हा प्रश्न विचारून बघा, बरीच जण ०.२५ म्हणणार, कारण काय तर पंचवीस पाचापेक्षा मोठे. आणि हीच पोरं अर्धा किलो आणि पाव किलो यात कधी फसत नाहीत. म्हणजे पोरं ढ नाहीत, आपणच अपूर्णांक एका धड्यात आणि दशांश दुसऱ्या धड्यात असं वेगवेगळं शिकवतो, मग त्यांना वाटतं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

माझी भाची सहावीत आहे, तिला घेऊन आमच्या कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मार्केटला गेलेलो. पाव किलो गवारी मागितली की भाजीवाल्या मावशींच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.२५० येतं. तिला म्हटलं हे पाव कसं काय गं? ती म्हणाली, "थांब मी सांगतो, हजार ग्रॅममधले अडीचशे." (आमच्यात पोरी पण सांगतोच म्हणतात.) झालं की मग, २५०/१०००, तेच २५/१००, तेच १/४. शेवटचा शून्य पुसला तरी गवारी तेवढीच.

दशांश म्हणजे छेद लिहायचा कंटाळा केलेला अपूर्णांक, बाकी काही नाही. टिंबानंतर एक आकडा असेल तर छेद १०, दोन असतील तर १००, तीन असतील तर १०००. आता परत बघा, ०.५ म्हणजे ५/१० म्हणजे ५०/१००, आणि ०.२५ म्हणजे २५/१००. छेद सारखा केला की भांडण मिटलं.

उलटं जायचं तर छेद १०, १०० नाहीतर १००० करायचा. ३/४ ला वर-खाली २५ ने गुणलं की ७५/१००, म्हणजे ०.७५. १/८ ला १२५ ने गुणा, ०.१२५ येतं, म्हणजेच आपलं अदपाव, सव्वाशे ग्रॅम.

पण १/३ ला काय करणार? १०, १००, १००० कशालाच ३ ने पूर्ण भाग जात नाही, एक उरतोच, म्हणून ०.३३३ असं चालूच राहतं. १० म्हणजे २ गुणिले ५, त्यामुळं अपूर्णांक आधी सोपा करून घ्या आणि मग छेदात फक्त २ आणि ५ यांचेच गुणाकार असतील तरच दशांश कुठंतरी थांबतो, ३ किंवा ७ घुसला की संपलं.

१/७ चा भागाकार मात्र पोरांकडून हातानंच करून घ्या, कॅल्क्युलेटर देऊ नका. बाकी अशी येते: ३, २, ६, ४, ५, आणि मग परत १. उत्तर ०.१४२८५७ आणि पुढं परत १४२८५७. भाची मधेच पेन ठेवून म्हणाली की बाकी परत १ आली म्हणजे आता सगळं पहिल्यापासनं. बरोबर, कारण ७ ने भागताना बाकी १ ते ६ मधलीच येणार, कधीतरी रिपीट होणारच ना.

आमच्या आजीच्या काळात रुपयाचे सोळा आणे होते, १ एप्रिल १९५७ पासून शंभर नवे पैसे झाले. आता १/१६ म्हणजे ०.०६२५, म्हणजे एक आणा सव्वासहा पैशांचा, आणि सव्वासहा पैशांचं नाणं कुठनं आणणार? म्हणून एका आण्याचे ६ धरले, पण चार आण्यांचे बरोबर २५. चार आणे म्हणजे पाव रुपया, तिथं काही अडत नाही.

आणि एक सांगायचंच राहिलं, टिंब दिसलं की प्रत्येक वेळी दशांश असतोच असं नाही. क्रिकेटमधे ४.३ ओव्हर म्हणजे चार ओव्हर आणि तीन बॉल. ओव्हरला सहा बॉल, म्हणजे ३/६, म्हणजे अर्धी, म्हणजे खरा हिशोब ४.५ चा. ३६ रन झाले असतील तर रनरेट बरोबर ८. गल्लीतली पोरं मोबाईलवर ३६ भागिले ४.३ मारतात, ८.३७ येतं आणि मग स्कोअर लिहिणाऱ्याशी वाद घालत बसतात.