होस्टेलच्या गॅलरीतली खताची बादली

आज गॅलरीतल्या खताच्या बादलीचं झाकण उघडलं आणि अख्खा मजला नाक धरून पळाला. पावसाळ्यात हे ठरलेलंच. हवा दमट, कचरा ओला, त्यात हवा खेळली नाही की माल कुजण्याऐवजी आंबतो.

यावर औषध एकच, सुका माल. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या, तळाला आणि बाजूंना पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडा, खाली जुनी ताटली. तळाशी चार बोटं पालापाचोळा. मग एक वाटी ओल्या कचऱ्यामागे दोन वाट्या सुकं: पानं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), फाडलेलं वर्तमानपत्र (गुळगुळीत पुरवण्या नकोत). विरजणाला थोडं आंबट ताक. दोन-तीन दिवसांनी काठीने खालीवर करा. मूठ दाबली की हात ओला व्हावा, पाणी गळू नये.

मेसची तेलकट भाजी आणि हाडं नकोत, उंदीर येतात. चहाचा चोथा उत्तम, पण साखर धुवून, नाहीतर मुंग्यांची रांग. अळ्या दिसल्या तर बादली फेकू नका, त्या कचराच खातात. फारच झाल्या तर सुकं वाढवा. संत्र्याच्या साली मात्र बारीक चिरूनच टाका, नाहीतर सेमिस्टर संपेल, त्या तशाच राहतील.