आचऱ्याच्या खळ्यातला ब्रुसली

मालवण, तारकर्ली आणि देवबागचे तीन दिवस मी एका वाक्यात संपवतो: स्कूबाच्या रांगेत अडीच तास गेले आणि पाण्याखाली माशांपेक्षा माणसेच अधिक दिसली. त्या गर्दीला कंटाळून चौथ्या दिवशी आचऱ्याला आलो आणि एका घरगुती निवासात उतरलो. ‘समुद्र दोन मिनिटांवर’ असे जाहिरातीत लिहिले होते. ती दोन मिनिटे बहुधा मोटरसायकलवरची असावीत, कारण चालत मला वीस लागली. रात्री वीज गेली, पंखा थांबला, डासांनी ताबा घेतला आणि पहाटे कुठे डोळा लागतो आहे तोच खिडकीखाली ‘सूंऽ फट्, सूंऽ फट्’ असा आवाज सुरू झाला. साडेपाच वाजले होते. तक्रार करायचीच, असे ठरवून मी दार उघडले.

सारवलेल्या खळ्यात घरमालकीणबाईंचे सासरे, अर्धी चड्डी आणि गंजीफ्रॉक घालून, नानचाकू म्हणजे एकमेकींना जोडलेल्या दोन काठ्या फिरवत होते. वय अडुसष्ट. काठ्या उजव्या हातातून निघून पाठीमागून येत आणि डाव्या काखेत अडकल्या की तो ‘फट्’ आवाज होई. त्यांनी मला पाहिले, काठ्या थांबवल्या आणि ‘झोप मोडली मा तुमची?’ असे इतक्या ओशाळेपणाने विचारले की तक्रार माझ्या तोंडातच राहिली.

तो नानचाकू मी हातात घेऊन पाहिला. होडीच्या मोडक्या वल्ह्याचे दीड-दीड वितीचे दोन तुकडे, साखळीऐवजी जाळ्याची नायलॉनची दोरी, आणि वर्षानुवर्षे खोबरेल चोळल्यामुळे काळपट, गुळगुळीत झालेले लाकूड. ‘हाताक जोर नको, कंबर फिरवूक होयी,’ असे त्यांनी सांगितले. मी हाताचाच जोर लावला आणि दुसऱ्या फेरीत काठी कोपरावर बसली. (ते टेंगूळ हे लिहिताना अजून आहे.)

चहा घ्यायला आम्ही पडवीत बसलो. तिथे रामेश्वराच्या तसबिरीशेजारी ब्रुसलीचे एक पोस्टर होते: छातीवर नखांचे तीन ओरखडे, खाऱ्या हवेने उडालेला रंग आणि वाळवीने खाल्लेला एक कोपरा. काका मुंबईत गिरणीत कामाला असताना त्यांनी ‘एंटर द ड्रॅगन’ पाहिला, मग चाळीच्या गच्चीवर एका मास्तरांकडे कराटे शिकले, आणि 1982च्या संपानंतर गिरणीचे दार बंद झाले तेव्हा एका पत्र्याच्या ट्रंकेत हे पोस्टर घालून गावी परतले. पुढे वीसेक वर्षे त्यांनी गावातल्या पोरांना किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत फुकट शिकवले.

ब्रुसली म्हणजे चीनमधल्या कुठल्यातरी खेड्यातला गरीब मुलगा, अशी माझी समजूत होती. काकांनी ती शांतपणे मोडली. त्याचा जन्म 27 नोव्हेंबर 1940 रोजी अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोला झाला, कारण वडील कँटनी, म्हणजे दक्षिण चीनमधल्या, संगीतनाट्याच्या कंपनीबरोबर तिकडे दौऱ्यावर होते. ‘तेचो बापूस नाटकातलो, आपल्या दशावतारासारखो. रंग लावन विनोदी कामा करी.’ कँटनी संगीतनाट्याचे वर्णन अनेक ठिकाणी वाचले होते, पण ते या एका वाक्यात मला जसे दिसले तसे आधी कधी दिसले नव्हते. हाँगकाँगमध्ये वाढलेला हा मुलगा इप मान या गुरूंकडे विंग चुन ही चिनी युद्धकला शिकला आणि 1958 मध्ये तिथल्या चा-चा नृत्यस्पर्धेत पहिला आला, हे सांगताना काकांनी बसल्या जागी पावले हलवून दाखवली.

1970 मध्ये व्यायाम करताना ब्रुसलीची पाठ दुखावली आणि पुन्हा लाथ मारता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. अंथरुणावर पडून त्याने आपल्या युद्धकलेविषयी टिपणे लिहिली. त्यांचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1975 मध्ये निघाले. काका स्वतः एकदा माडावरून पडून चार महिने आडवे होते. ‘मी काय लिवलंय नाय,’ ते हसत म्हणाले, ‘नुसतो छपराचे वासे मोजी होतंय.’ 20 जुलै 1973 रोजी मेंदूला सूज येऊन ब्रुसली गेला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, आणि ज्या चित्रपटाने काकांना वेड लावले तो अमेरिकेत झळकला पुढच्या महिन्यात. काकांनी तो पाहिला तेव्हा पडद्यावरचा माणूस केव्हाच गेलेला होता, हे त्यांना घरी परतताना मित्राकडून कळले आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

इतके सगळे ठाऊक असलेल्या माणसाला आपण काय सांगणार, असे वाटत असतानाच मला कधीतरी वाचलेली एक गोष्ट आठवली. 1971 च्या सुरुवातीला, मोठा नायक म्हणून त्याचे नाव अजून व्हायचे होते तेव्हा, ब्रुसली भारतात येऊन गेला होता. वॉर्नर ब्रदर्स या कंपनीचे पैसे भारतात अडकलेले होते, ते इथेच खर्चायचे म्हणून एक चित्रपट भारतात काढण्याचा बेत होता; त्यासाठी अभिनेता जेम्स कोबर्न आणि लेखक स्टर्लिंग सिलिफंट यांच्यासह तो जागा शोधत हिंडला. जागा कोबर्नला पसंत पडल्या नाहीत आणि बेत बारगळला.

काकांनी कप खाली ठेवला. ‘तो हयसर इल्लो? आपल्या देशात?’ त्यांनी बोटांवर हिशेब केला. ‘मी चौदा वर्सांचो होतंय. माका कोणी सांगूक नाय.’ मग बराच वेळ ते पोस्टरकडे पाहत राहिले. पन्नास वर्षे ज्याचा एकेक तपशील जपला, तो आपल्या हयातीत आपल्याच देशात हिंडून गेला, हे मी सांगायला नको होते की काय, असे मला वाटू लागले. सून घावणे घेऊन आली तरी त्यांचे लक्ष नव्हते.

‘खयची जागा बघी होते?’ अखेर त्यांनी विचारले.

वाळवंटातली, मी म्हणालो, राजस्थानकडची.

‘वाळूच होयी होती,’ नानचाकूची दोरी काठीभोवती गुंडाळत काका म्हणाले, ‘तर हयसर काय कमी आसा?’