ट्रान्सफरच्या वर्षात ताकद संपली तर काय काय खाली ठेवता येतं

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून (पहिल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजमधून) युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, म्हणजे यूसीला, ट्रान्सफर घेऊ बघणाऱ्या मुलांना दुसऱ्या वर्षाचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर फार जड जातात. मिडटर्म, लॅब रिपोर्ट, बहुतेकांची अर्धवेळ नोकरी आणि त्यातच यूसीचा अर्ज. फॉर्म १ ऑगस्टला उघडतो, पण जमा करता येतो १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर (३० तारीख शनिवार-रविवारी आली की सोमवारपर्यंत). डी अँझा किंवा फूटहिलसारख्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात फॉल क्वार्टर (साधारण १२ आठवड्यांचं सत्र) सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं. तिथे अर्जाचे दोन महिने आणि क्वार्टरचे जवळजवळ सगळे आठवडे एकमेकांवर चढतात. आपली दिवाळीही नेमकी याच दिवसांत येते.

या काळात मुलं कोलमडली की त्यांना सांगितलं जातं: नीट झोप, चालायला जा, फोन बाजूला ठेव. सल्ला खरा आहे, पण डोक्यावरचं ओझं त्याने कमी होत नाही. माझं ठाम मत असं आहे की या वर्षातल्या बर्नआउटवर पहिला उपाय म्हणजे काम कमी करणं, आणि तेही कॉलेजच्या नियमांत बसेल अशा रीतीने. त्यासाठी रस्ते आहेत. फक्त प्रत्येक रस्त्याला एक तारीख आहे, आणि थकलेला माणूस सगळ्यात आधी तारखाच विसरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या वर्गीकरणात नोकरीतल्या बर्नआउटच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. अभ्यासालाही त्या लागू पडतात. रविवारभर झोपून सोमवारी बरं वाटलं तर तो साधा थकवा. पण कॅनव्हास (कॉलेजची अभ्यासाची वेबसाइट) उघडायचीच भीती वाटते, प्रोफेसरांचे मेल न वाचता पडून आहेत, बी ग्रेड आली तरी ‘माझं काही होणार नाही’ असंच वाटतं, आणि हे दोन-तीन आठवडे चाललंय, तर झोपेने भागणार नाही.

आधी हिशोब करा. सेमिस्टरच्या एका युनिटमागे (क्रेडिटमागे) वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून किमान ४८ तासांचं काम धरलेलं असतं, क्वार्टरच्या युनिटमागे ३३. म्हणजे १५ सेमिस्टर युनिट घेतले की ७२० तास, १६ आठवड्यांत भागले तर आठवड्याला ४५. त्यावर २० तासांची नोकरी धरली की ६५. अर्जाचा एक मिनिटही अजून यात धरलेला नाही. हे आकडे कागदावर लिहून काढले की ‘मी आळशी झालोय’ ही समजूत बरीचशी गळून पडते. ज्या टर्मला अर्ज भरायचा त्या टर्मला १२ ते १३ युनिटच्या वर जाऊ नये, आणि लॅब असलेले दोन विषय एकत्र आले तर तिसरा कोर्स हलकाच असावा. फिजिक्स, केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस एकाच टर्मला घेणाऱ्यांचं गणित बहुतेकदा आठव्या आठवड्यात बिघडतं. तोपर्यंत डब्ल्यूची, म्हणजे ग्रेडविना कोर्स सोडायची, तारीख जवळ आलेली असते.

आता काय लागतं ते बघू. ज्युनिअर ट्रान्सफरसाठी, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी, यूसीला ट्रान्सफर होणारे ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट लागतात, कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना किमान २.४ आणि इतरांना २.८ जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो (चांगल्या कॅम्पसला प्रत्यक्षात बराच जास्त), इंग्रजी कॉम्पोझिशनचे दोन आणि गणिताचा एक कोर्स धरून सात कोर्सचा ठरलेला संच लागतो, आणि मेजरची (मुख्य विषयाची) तयारी लागते. हे सगळं जायच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत पूर्ण व्हायला हवं.

आणि काय लागत नाही? एसएटी लागत नाही. अर्जाबरोबर शिफारसपत्रं मागत नाहीत. ॲक्टिव्हिटी आणि अवॉर्डच्या भागात २० नोंदी करता येतात, पण वीसच्या वीस भरायची सक्ती नाही. तीन क्लबांचं पदाधिकारी होऊन दमण्यापेक्षा एक नोकरी किंवा घरातल्या आजीची देखभाल नीट लिहिलेली बरी. यूसीकडे तीही ॲक्टिव्हिटीच. जनरल एज्युकेशनचा पूर्ण पॅटर्न (आधी आयजीईटीसी, २०२५च्या फॉलपासून नव्या विद्यार्थ्यांसाठी कॅल-जीईटीसी) यूसीच्या प्रवेशासाठी सक्तीचा नाही. इंजिनिअरिंग आणि सायन्सच्या मुलांनी तर आधी मेजरचे कोर्स पुरे करावेत. आणि ७० सेमिस्टर युनिटच्या पुढे कितीही कोर्स केले तरी यूसी लोअर डिव्हिजनचं (पहिल्या दोन वर्षांच्या पातळीचं) युनिट क्रेडिट वाढवून देत नाही. ‘अजून एक कोर्स असला तर बरं’ हा विचार इथेच थांबवावा.

यावरून करायचं काम एक. असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर आपलं कॉलेज, कॅम्पस आणि मेजर निवडून प्रत्येक कॅम्पसचा करारनामा (आपले कोणते कोर्स तिथे धरले जातात त्याची यादी) उतरवून घ्या. एका कागदावर तीन रकाने आखा: सगळ्या कॅम्पसना लागणारे कोर्स, एकाच कॅम्पसला लागणारे, आणि कोणालाच न लागणारे. तिसऱ्या रकान्यातलं आजच कापा. दुसरा रकाना बारकाईने बघा. एखाद्याच कॅम्पससाठी अख्खा पाच युनिटचा लॅब कोर्स करावा लागत असेल तर तो कॅम्पसच यादीतून काढायचा विचार करा. प्रत्येक कॅम्पसच्या अर्जाला ८० डॉलर लागतात (आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना ९५), तेही वाचतात. आणि हा कागद घेऊन ट्रान्सफर काउन्सेलरला भेटा. भेटीची वेळ सप्टेंबरातच घ्यावी, नोव्हेंबरात मिळणं कठीण असतं.

माझ्या मते मनावरचा ताण सगळ्यात जास्त उतरवणारी गोष्ट म्हणजे टॅग, ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहापैकी एकाच कॅम्पसला तो भरता येतो, १ ते ३० सप्टेंबर या काळात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत, आणि कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंगसारखे मेजर काही कॅम्पसनी वगळलेले आहेत. पण ज्यांना तो लागू होतो त्यांची एक जागा अटी पाळल्या की पक्की, आणि मग ऑक्टोबरचा अर्ज भरताना हात कापत नाही. सप्टेंबर हुकला की त्या वर्षापुरता हा रस्ता बंद, आणि टॅग भरला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरातला अर्ज वेगळा भरावाच लागतो. दुसरी गोष्ट विसरून टॅग गमावणारे असतात.

टर्म सुरू झाल्यावर कोर्स सोडायचा असेल तर तीन टप्पे लक्षात ठेवा. साधारण पहिल्या २० टक्के काळात सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) काहीच येत नाही. त्यानंतर ७५ टक्के काळापर्यंत सोडला तर डब्ल्यू येतो. त्यापुढे ग्रेडच मिळते. नेमक्या तारखा प्रत्येक वर्गाच्या वेगळ्या असतात आणि पोर्टलवर दिसतात. त्या पहिल्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत. महाराष्ट्रातल्या आई-बाबांना तो केटीसारखा वाटतो, पण नापास होणं आणि वेळेत कोर्स सोडणं या इथे वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा डब्ल्यू डी ग्रेडपेक्षा कितीतरी परवडतो. आजारपण किंवा हाताबाहेरच्या कारणाने सोडावं लागलं तर एक्स्क्यूज्ड विथड्रॉअल, म्हणजे ईडब्ल्यू मागा. तो ७५ टक्क्यांनंतरही मिळू शकतो, कागदपत्रं लागतात. एक कोर्स साधारण तीनदाच घेता येतो. त्या मोजणीत डब्ल्यू धरतात, ईडब्ल्यू धरत नाहीत.

गडबड कुठे होते? सोडायला सोपा म्हणून कोर्स निवडताना साखळी बघितली जात नाही. कॅल्क्युलसचा मधला टप्पा सोडला की पुढचे गणित आणि फिजिक्सचे कोर्स अडतात आणि स्प्रिंगपर्यंत मेजरची तयारी पुरी होत नाही. म्हणून नावडता कोर्स कोणता हे बघू नका, ज्याच्यावर पुढचं काही अवलंबून नाही तो सोडा. फायनान्शियल एड घेत असाल तर आधी त्या ऑफिसला विचारा: १२ युनिटच्या खाली गेलात की रक्कम कमी होऊ शकते, आणि टर्मच्या ६० टक्क्यांआधी सगळेच कोर्स सोडले तर फेडरल मदतीतला काही भाग परत करावा लागू शकतो. आरोग्य विम्याची मात्र चिंता नको; आई-वडिलांच्या पॉलिसीवर २६ वर्षांपर्यंत राहता येतं, युनिट कितीही असोत. अर्ज जमा झाल्यावर कोर्स बदलला तर यूसीला कळवणं बंधनकारक आहे, आणि टॅग असेल तर कोर्स सोडण्याआधी त्या कॅम्पसला विचारा.

पास-नो पासचा पर्यायही आहे, पण यूसी ६० पैकी १४ सेमिस्टर युनिटच तसे धरते. मेजरच्या कोर्सला तो वापरू नका.

भारतातून एफ-वन व्हिसावर आलेल्यांसाठी नियम कडक आहेत. १२ युनिट सक्तीचे, आणि त्यात एकच ऑनलाइन कोर्स धरता येतो. डीएसओची, म्हणजे कॉलेजातल्या व्हिसा अधिकाऱ्याची, परवानगी मिळण्याआधी कोर्स सोडला तर स्टेटसच धोक्यात येतं, म्हणून क्रम कधीही उलटा करू नका. ‘खूप ताण आहे’ हे शैक्षणिक कारणात बसत नाही. ते कारण भाषेची अडचण, नवी शिक्षणपद्धत, चुकीची पातळी अशा गोष्टींसाठी आहे. बर्नआउटने तब्येत बिघडली असेल तर वैद्यकीय कारणाने युनिट कमी करता येतात, गरज पडली तर शून्यापर्यंत. त्यासाठी परवानाधारक डॉक्टरचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं. समुपदेशकाचं पत्र चालेल असं गृहीत धरून मुलं दोन आठवडे घालवतात, तसं करू नका. ही सवलत एका शैक्षणिक पातळीवर एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळते आणि प्रत्येक टर्मला नव्याने मंजूर करून घ्यावी लागते.

अर्जातली चार उत्तरं, ज्यांना सगळे पीआयक्यू म्हणतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांची असतात. मेजरची तयारी कशी केली हा प्रश्न सक्तीचा, बाकी सातपैकी तीन. सक्तीचं उत्तर आधी लिहा, त्यात आठवण्यासारखं कमी आणि मांडण्यासारखं जास्त असतं. कोरं पान बघून डोकं बंद पडत असेल तर फोनवर मराठीत, मिंग्लिशमध्ये, जमेल तसं पाच मिनिटं बोलून रेकॉर्ड करा आणि त्यातून मुद्दे काढा. एक प्रश्न आयुष्यातल्या मोठ्या अडचणीबद्दल आहे. बर्नआउटवर तिथे लिहिता येतं, पण तुम्ही काय बदललं आणि त्याचा अभ्यासावर काय परिणाम झाला हे सांगता आलं तरच. अजून त्यातच असाल तर दुसरा प्रश्न घ्या. डब्ल्यूचं कारण सांगायला अर्जात वेगळी जागा असते, तिथे दोन-तीन सरळ वाक्यं पुरतात.

मदतीच्या दोन जागा मुलं वापरतच नाहीत. कॉलेजच्या फीमध्ये बहुतेक ठिकाणी हेल्थ फी असते आणि त्यात समुपदेशनाची काही सत्रं येतात, म्हणजे पैसे आधीच भरलेले आहेत. दुसरी जागा डीएसपीएस, अपंग विद्यार्थ्यांसाठीचा विभाग. नैराश्य, एंग्झायटी, एडीएचडी यांसाठीही तो आहे. परीक्षेत जादा वेळ किंवा शांत खोली मिळते आणि ट्रान्स्क्रिप्टवर त्याची नोंद येत नाही. दिवस दिवस कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो बर्नआउटचा विषय राहिलेला नाही. ९८८ या क्रमांकावर चोवीस तास फोन किंवा मेसेज करता येतो.

आई-बाबांना एक सांगायचंय. ‘थोडंच राहिलंय, रेट’ हे वाक्य या दोन महिन्यांत टाळा. कॉलेजच्या पोर्टलचा पासवर्ड मागू नका, ग्रेड सांगायच्या की नाही हा कायद्याने मुलाचा अधिकार आहे. पुण्या-मुंबईत सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे ऑक्टोबरात आदल्या रात्रीचे साडेनऊ असतात, मूल नुकतं अभ्यासाला बसलेलं असतं. त्या फोनवर निकालाचा विषय काढू नका. तुम्ही इथेच राहत असाल आणि मूल मंडळाच्या दिवाळीला यायला नाही म्हणालं तर फराळाचा डबा खोलीवर पोचवा. आणि अमक्याचा मुलगा थेट बर्कलीला लागला ही बातमी एप्रिलपर्यंत घरात न आलेली बरी.

तिसरं वर्ष घेणं हाही रस्ता आहे, आणि तो शेवटचा म्हणून ठेवू नये. रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे ४६ डॉलर पडतात, म्हणजे २४ युनिटचं आणखी एक वर्ष अकराशे डॉलरच्या आसपास, वरच्या किरकोळ फी सोडून. ज्याचा जीपीए थकव्यामुळे दोन टर्म घसरलाय त्याला या वर्षात तो सावरता येतो. एफ-वनवाल्यांना हा खर्च कितीतरी पट पडतो, त्यामुळे त्यांनी वैद्यकीय सवलतीचा विचार आधी करावा.

अर्ज गेला की निम्मं काम झालं. जानेवारीत ट्रान्सफर अकॅडेमिक अपडेट भरायचं असतं, ३१ तारखेपर्यंत, फॉलच्या ग्रेड आणि स्प्रिंगचे कोर्स टाकून. ते न भरल्याने चांगले अर्ज मागे पडतात. स्प्रिंगला लागतील तेवढेच कोर्स घ्या, पण ते सी किंवा वर संपवा, कारण मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. निकाल एप्रिलअखेरपर्यंत येतात, जागा स्वीकारायची मुदत १ जून, अंतिम ट्रान्स्क्रिप्ट १ जुलैपर्यंत. लागणारे युनिट स्प्रिंगलाच पुरे झालेले असल्याने त्या उन्हाळ्यात समर कोर्स घ्यायची गरज नसते. कोणी कितीही सुचवलं तरी तो घेऊ नका.