दोन इंची फळ्यांनी खाल्लेलं वर्ष

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या रायगडातल्या आवारात एक फणस आणि एक रायवळ आंबा आडवा झाला. त्या लाकडातून सुतारकामाचं टेबल केलं: लांबी १८० सेंमी, रुंदी ६०, उंची ८५. ते उभं राहिलं मे २०२२ मध्ये. प्रत्यक्ष सुतारकाम जेमतेम बारा दिवसांचं. बाकी सगळा वेळ लाकूड वाळण्यात गेला, आणि त्यातलं एक वर्ष निव्वळ माझ्या चुकीने.

ओंडके पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरात, चेन सॉला फ्रेम लावून आवारातच चिरले. (लाकूड बाहेर न्यायचं असेल तर वन खात्याच्या वाहतूक पासची चौकशी आधी करा.) उभं चिरायला वेगळी चेन लागते, तिच्या दातांची धार साधारण १० अंशांची असते. आडव्या कापाची ३० अंशांची चेन लावलीत तर मशीन तापतं आणि फळी खरबरीत निघते. दर कापाला ८ मिमी लाकूड भुशात जातं, हे मोजमाप घेतानाच धरा. फणसाचा चीक चेनला चिकटतो, रॉकेलचं फडकं जवळ ठेवा. टोकांना त्याच दिवशी जुना ऑइलपेंट फासा, नाहीतर टोकांकडून वीतभर चिरा आत जातात.

आंब्याच्या फळ्या मी ५० मिमीच्या चिरल्या, आणि उरलेल्या तुकड्यांच्या २५ मिमीच्या. फणस सगळा ५० मिमी. इथेच घोडं पेंड खाल्लं.

लाकूड वाळायला ‘जाडीच्या इंचाला एक वर्ष’ हा हिशेब ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. कोकणात तो दोन्ही बाजूंनी फसतो. जून ते ऑक्टोबर लाकूड वाळत नाहीच, उलट ओल घेतं. खरे कामाचे महिने नोव्हेंबर ते मे. त्या सात महिन्यांत २५ मिमीची फळी वाळून मोकळी होते, ५० मिमीची अर्ध्यावर अडकते आणि तिच्यावर पुढचा पावसाळा येतो. जाडी दुप्पट झाली की वाळायला दुपटीहून बराच जास्त वेळ लागतो, कारण आतल्या ओलीला पृष्ठभागापर्यंत यायचं असतं.

हे कळलं उशिरा, कारण मी लाकडातली ओल मोजायच्या मीटरवर विसंबलो. मार्चमध्ये पिनवाल्या मीटरने फणसावर १४ टक्के दाखवलं. खूश होऊन दोन आडपट्ट्या रंधून घेतल्या. पाच-सहा मिलिमीटर रंधल्यावर लाकडाचा रंग गडद लागला, हाताला गार. दोन आठवड्यांत दोन्ही पट्ट्या द्रोणासारख्या वळल्या. मीटरच्या पिना वरवरच घुसतात, वरचा पापुद्रा वाळलेला असतो, गाभा ओला. मीटर वापरायचाच तर फळी मधोमध कापून ताज्या कापावर लावा.

त्यापेक्षा वजनकाटा बरा. फळीच्या टोकापासून ४० सेंमी आत दोन बोटं रुंद तुकडा कापा, लगेच वजन करा. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. माझा तुकडा ४१२ ग्रॅमचा ३२६ झाला. गेलेले ८६ भागिले कोरडे ३२६, म्हणजे २६ टक्के. मीटरचे १४ कुठे आणि हे कुठे! आता उरलेल्या फळीचं वजन करा. माझी ४.८ किलोची होती, म्हणजे पूर्ण कोरडी ३.८ किलोची. ती थप्पीत अशी ठेवा की ओढून काढता येईल, आणि दर पंधरवड्याला काट्यावर टाका. ४.३ किलोला आली की १३ टक्के, कामाला घ्या. आमच्याकडे ती जूनमध्ये ४.६ वर अडली, ऑगस्टमध्ये ४.६५ झाली. ४.३ दिसायला पुढचा एप्रिल उजाडला.

आंब्याच्या २५ मिमी फळ्या मात्र पहिल्याच एप्रिलमध्ये १३ टक्क्यांवर होत्या. आणि टेबलाचा माथा तरी शेवटी पट्ट्या उभ्या करून फेव्हिकॉलने जोडूनच होतो! २५ मिमीच्या रंधून २० मिमी उरतात, म्हणजे ६० सेंमीला चौदाऐवजी तीस पट्ट्या. फेव्हिकॉल दुप्पट, पण वर्ष वाचलं असतं. पायही पाच थरांचे जोडून होतात.

थप्पीचं सांगायचं राहिलं. जमिनीपासून दीड फूट वर, फळ्यांमध्ये २० मिमीच्या पट्ट्या, सगळ्या एकाखाली एक. वर पत्रा आणि चिरे, बाजू उघड्या. ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळाल तर बुरशी पोसाल. मेअखेरीस तयार फळ्या चुलीवरच्या माळ्यावर चढवा, जुन्या घरांत लाकूड तिथेच ठेवतात ते उगाच नाही.

आंब्याला कीड फार लवकर लागते, आणि माझा ओंडका तर पावसाळाभर मातीत पडून निळा पडला होता. निम्मा चुलीत गेला. चिरल्या दिवशीच, फळी ओली असताना, टाकणखार ६०० ग्रॅम आणि बोरिक पावडर ४०० ग्रॅम दहा लिटर कोमट पाण्यात विरघळवून दोन्ही बाजूंना दोनदा मारा. ओल्या लाकडातच ते आत शिरतं. मात्र पावसात धुऊन जातं. फणसाच्या पिवळ्या गाभ्याला गरज पडली नाही, साल काढली तेव्हा त्यालगतचं पांढरं लाकूड तेवढं छाटून टाकलं.

सांधे: ९० मिमीच्या पायात ३० मिमी जाड, ७० मिमी लांब कुसू (आडपट्टीच्या टोकाची, पायाच्या खाचेत बसणारी जीभ). कुसूतलं खुंटीचं भोक पायातल्या भोकापेक्षा खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून सुरू होतो तिकडे, २ मिमी सरकवून पाडा, खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळतो, क्लॅम्प लागत नाही. माथा चौकटीला चिकटवू नका. मागच्या कडेच्या स्क्रूंना लांबट भोकं ठेवा. मे ते ऑगस्ट माझा माथा चार मिलिमीटर रुंदावतो. खण मेमध्ये करत असाल तर तीन मिलिमीटर फट सोडा. मी दीड सोडली होती, जुलैत खण उघडेना.